लष्करी डॉक्टरचं पदक कसं वाचावं

व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्याचं युद्धातलं सर्वोच्च शौर्यपदक. ते १८५६ साली सुरू झालं, आणि तेव्हापासून आजवर ते दोनदा मिळवणारी माणसं फक्त तीन आहेत: आर्थर मार्टिन-लीक, नोएल शव्हास आणि चार्ल्स अपहम. अपहम न्यूझीलंडच्या पायदळातला लढवय्या अधिकारी. उरलेले दोघे डॉक्टर. तीन माणसांवरून नियम काढता येत नाही, हे मान्य. पण शत्रूला ठार करणं ज्याचं कामच नाही, त्याला युद्धातलं सर्वांत मोठं पदक दोनदा मिळावं याचं कारण शोधावंसं वाटतं. मार्टिन-लीकची हकीकत त्याकडे बोट दाखवते. ८ फेब्रुवारी १९०२ रोजी दक्षिण आफ्रिकेत व्लाकफोंटेन इथे सुमारे चाळीस बोअर बंदूकधारी अवघ्या शंभर यार्डांवरून गोळ्या झाडत असताना तो एका जखमी सैनिकावर उपचार करत राहिला. तिथून तो दुसऱ्या एका जखमी अधिकाऱ्याकडे गेला, त्याला नीट निजवण्याच्या धडपडीत स्वतः तीन गोळ्या खाल्ल्या, आणि पाणी आलं तेव्हा इतर जखमींचं होईपर्यंत त्याने ते घेतलं नाही. पुढे कलकत्त्याला बंगाल-नागपूर रेल्वेचा वैद्यकीय अधिकारी म्हणून त्याने नोकरी धरली. १९१४ साली महायुद्ध पेटलं तेव्हा चाळिशीला आलेला हा माणूस पुन्हा सैन्यात गेला, आणि बेल्जियममध्ये झोनेबेकजवळ शत्रूच्या खंदकांलगत पडलेले जखमी सतत माऱ्याखाली उचलून आणल्याबद्दल त्याला दुसरा क्रॉस मिळाला. दोन युद्धं, दोन खंड, मध्ये बारा वर्षं, आणि कृती मात्र तीच. पायदळातल्या शूराचा पराक्रम बहुधा कुठेतरी संपतो: तोफ काबीज होते, टेकडी हाती येते किंवा हातची जाते. डॉक्टरसमोरचं काम जखमी येत राहतात तोवर संपत नाही, आणि पुढच्या चढाईत तेच्या तेच पुन्हा उभं राहतं.

शव्हासची प्रशस्तिपत्रं या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखी आहेत. लिव्हरपूलच्या बिशपचा हा मुलगा १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपल्या जुळ्या भावासोबत चारशे मीटर धावला होता. युद्धात तो लिव्हरपूल स्कॉटिश या पलटणीचा डॉक्टर झाला. १९१५ मध्ये हूग इथल्या कामगिरीबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. ऑगस्ट १९१६ मध्ये सोमच्या लढाईत गिलेमाँ इथे त्याने दिवसभर उघड्या मैदानात, वारंवार शत्रूच्या नजरेसमोर, जखमींवर उपचार केले आणि त्या रात्री चार तास शत्रूच्या फळीपुढे जखमी शोधले. दुसऱ्या दिवशी एका तातडीच्या रुग्णाला स्ट्रेचरवाहकासह पाचशे यार्ड वाहून सुरक्षित जागी नेलं. त्या वाटेवर तोफगोळ्याची कपची त्याच्या कुशीत शिरली. तरी त्याच रात्री वीस स्वयंसेवक घेऊन, शत्रूच्या खंदकापासून पंचवीस यार्डांवरच्या एका खड्ड्यातून त्याने तीन जखमी बाहेर काढले. सुमारे वीस गंभीर जखमींचे प्राण त्याने वाचवले, असं प्रशस्तिपत्र म्हणतं. वर्षभराने, ३१ जुलै १९१७ला ईप्रजवळ सुरू झालेल्या लढाईत एका जखमीला वाहून नेताना तो स्वतः गंभीर जखमी झाला. त्याने दोन दिवस जागा सोडली नाही. जवळजवळ उपाशी आणि जखमेने ग्लानी येत असताना तो माणसं शोधायला पुनःपुन्हा बाहेर पडला. ४ ऑगस्टला, बत्तिसाव्या वर्षी, तो गेला आणि दुसरा क्रॉस त्याला मरणोत्तर मिळाला. आता या नोंदींत काय मोजलेलं आहे ते पाहावं. अंतरं आहेत, तास आहेत, मारा किती होता ते आहे. कोणती शस्त्रक्रिया केली, रक्तस्राव कसा थांबवला, वाचवलेल्यांतले किती पुढे आपल्या पायांवर घरी गेले, यातलं काहीच नाही. लष्करी डॉक्टरचं पदक त्याच्या वैद्यकाबद्दल फारसं बोलत नाही. तो कुठे उभा होता आणि किती वेळ उभा राहिला, हे ते सांगतं.

म्हणूनच ते पदक आणखी एका गोष्टीचा पुरावा ठरतं, आणि या लेखाचं म्हणणं तेच आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत युरोपीय सैन्यांत जखमीला मागे नेण्याची एक साखळी ठरून गेली होती. पलटणीचा डॉक्टर आघाडीलगतच्या मदतठाण्यात बसणार; स्ट्रेचरवाहक जखमीला त्याच्यापर्यंत आणणार; तिथे मलमपट्टी होऊन रुग्ण मागच्या ड्रेसिंग स्टेशनवर, तिथून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या क्लिअरिंग स्टेशनवर आणि शेवटी रेल्वेने किंवा बोटीने तळावरच्या रुग्णालयात जाणार. या साखळीत डॉक्टरची जागा ठरलेली आहे आणि ती शत्रूच्या खंदकापासून पंचवीस यार्डांवर नाही. तो तिथे गेला याचा अर्थ मधली एखादी कडी तुटली होती: वाहक मारले गेले होते, किंवा पुरेसे नव्हतेच, किंवा वाट बंद झाली होती. जी जागा व्यवस्थेने भरायला हवी होती ती एका माणसाने आपल्या अंगाने भरली. डॉक्टरच्या शौर्यपदकात त्या माणसाचं धैर्य आणि त्या व्यवस्थेतलं भगदाड या दोन्हींची नोंद एकाच वेळी होते. आपण सवयीने पहिली नोंद वाचतो आणि दुसरी सोडून देतो. सोडून दिल्याने काय बिघडतं, ते मेसोपोटेमियाच्या मोहिमेत फार स्पष्ट दिसतं, आणि त्या मोहिमेशी महाराष्ट्राचं नातं जवळचं आहे.

१९१५ साली आजच्या इराकमध्ये तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघालेली फौज म्हणजे जनरल टाउनशेंडची सहावी, म्हणजेच पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये क्टेसिफॉनला तिची आगेकूच थांबली, चार हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि मागे हटलेली डिव्हिजन डिसेंबरपासून कुत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकली. तिला सोडवायला निघालेल्या फौजेने २१ जानेवारी १९१६ला हन्नाच्या तुर्की फळीवर हल्ला चढवला. पाऊस, गुडघाभर चिखल, उघडं सपाट रान. सुमारे २७०० सैनिक मेले किंवा जखमी झाले आणि हल्ला फसला. त्या दिवशी, त्या आघाडीवर ओरा नावाच्या ठिकाणी इंडियन मेडिकल सर्व्हिसचा कॅप्टन जॉन सिंटन जखमींवर उपचार करत होता. त्याच्या दोन्ही हातांतून आणि कुशीतून गोळ्या आरपार गेल्या. त्याने रुग्णालयात जायला नकार दिला आणि उजेड असेपर्यंत भयंकर माऱ्याखाली काम चालू ठेवलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी, त्याच ओराला, ४१व्या डोग्रा पलटणीतल्या लान्स नाईक लाला याने शत्रूच्या अगदी जवळ पडलेल्या एका परक्या पलटणीतल्या अधिकाऱ्याला आडोशाला ओढलं, चौघांच्या जखमा बांधल्या, आपल्या ॲडज्युटंटची हाक ऐकून त्याच्याकडे सरपटत गेला आणि त्याला ऊब मिळावी म्हणून अंगावरचे कपडे काढून त्याच्यावर घातले. अंधार पडल्यावर त्याने दोघांनाही मागे आणलं. त्यालाही क्रॉस मिळाला. लाला काही वैद्यकीय दलातला नव्हता. जखमा शिपाई बांधतो, पांघरूण म्हणून स्वतःचा सदरा घालतो आणि दोन्ही हातांना गोळ्या लागलेला डॉक्टर संध्याकाळपर्यंत राबतो. ही दोन प्रशस्तिपत्रं शेजारी ठेवली की त्या दिवशी ओराला काय काय नव्हतं याची यादीच हाती येते. ती रात्र गोठवणारी होती. चिखलात पडून राहिलेल्या जखमींपैकी पुष्कळ जण केवळ वेळेवर मदत न मिळाल्याने मेले.

हे सारं एका वाईट दिवसाचं दुर्दैव होतं असं म्हणता आलं असतं. पण दोन महिने आधी काय घडलं होतं त्याची लेखी साक्ष उपलब्ध आहे. क्टेसिफॉनच्या जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून खाचखळग्यांतून नदीपर्यंत आणलं गेलं, कारण रुग्णवाहिका नव्हत्या. पुढे त्यांना आगबोटींच्या उघड्या डेकवर आणि बाजूला बांधलेल्या पडावांत दाटीवाटीने ठेवून बसऱ्याला पाठवलं गेलं, कारण जखमींसाठी राखलेल्या बोटी नव्हत्या. ‘मेजिदिया’ ही त्यांतली एक आगबोट. बसऱ्याला उभ्या असलेल्या ‘व्हरेला’ या रुग्णालय-जहाजाचे प्रमुख, इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर मार्कहॅम कार्टर, ती येताना पाहत होते. बोटीच्या कडेने दोरखंड लोंबतायत असं त्यांना लांबून वाटलं; जवळ आल्यावर कळलं की ती वाळलेली विष्ठा होती. डेकवर सुमारे ६०० माणसं होती, कित्येकांच्या जखमांची पट्टी दिवसेंदिवस बदललेली नव्हती, जखमांत किडे पडले होते. कार्टर यांनी हे वरिष्ठांना कळवलं. उत्तरादाखल त्यांना दमदाटी झाली, अटकेची आणि जहाजावरून काढण्याची धमकी मिळाली. ते मागे हटले नाहीत. पुढे चौकशी आयोग नेमला गेला, कार्टर यांची साक्ष त्याच्यापुढे झाली आणि जून १९१७ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. नदीवरच्या वाहतुकीची टंचाई आणि वैद्यकीय सामग्रीतली कंजुषी यांवर आयोगाने बोट ठेवलं. वरच्या अधिकाऱ्यांपासून हिंदुस्थान सरकारपर्यंत सगळ्यांवर ठपका आला, आणि भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. या मोहिमेतले जखमी आणि आजारी जहाजांनी मुंबईला येत. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखली जाणारी इमारत तेव्हा नुकतीच पुरी झाली होती आणि महायुद्धाच्या काळात ती लष्करी रुग्णालय म्हणून वापरात होती.

या मांडणीवर पहिला आक्षेप येईल तो भावनेचा, आणि तो हलका समजू नये. पदकामागे व्यवस्थेचा दोष शोधणं म्हणजे शूराच्या शौर्यात पाणी मिसळणं नाही का? मला उलट वाटतं. सिंटनचं धैर्य किती होतं हे कळायला त्याच्याकडे काय नव्हतं ते कळावं लागतं. मागे कोणी नाही, आपण निघून गेलो तर या माणसांना पाहणारं कुणीच उरणार नाही, हे जाणून थांबलेला माणूस आणि मागे भरपूर कुमक असताना थांबलेला माणूस यांच्या थांबण्यात फरक आहे. खरा अन्याय दुसरीकडूनच होतो. शौर्याची कथा इतकी तेजस्वी असते की ज्यांच्या हलगर्जीपणामुळे त्या शौर्याची गरज पडली, तेही तिच्या उजेडात झाकले जातात. हन्नाच्या चिखलात गारठून मेलेल्या शिपायांना प्रशस्तिपत्र नाही. त्यांच्या बाजूने काही बोलत असेल तर तो आयोगाचा अहवाल, आणि पदकाइतक्या आदराने तो कोणी वाचत नाही याचं मला खरोखर दुःख होतं.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. युद्धात प्रत्येक व्यवस्था तुटतेच. मग भगदाडाचा दोष कुणाला द्यायचा? पश्चिम आघाडीवर मेसोपोटेमियासारखी दुरवस्था नव्हती. तिथे रुग्णवाहिका होत्या, रेल्वेगाड्या होत्या, क्लिअरिंग स्टेशनांत निष्णात शल्यविशारद होते. तरीही शव्हासला अंधारात शत्रूच्या तारांपाशी जावं लागलंच. हे खरं आहे, आणि माझं विधान इथे आवरतं घ्यायला हवं. भगदाड म्हणजे नेहमीच गुन्हा नव्हे. काही भगदाडं तोफांच्या माऱ्याने पडतात, काही काटकसरीने. पहिली कोणालाच टाळता येत नाहीत आणि ती भरायला शव्हासच लागतात. पण दोन्हींतला फरक पदकावरून कळत नाही, कारण शव्हास आणि सिंटन या दोघांच्या पदकांचा धातू एकच आहे. तो फरक रुग्णवाहिका किती होत्या, बोटी किती मागितल्या आणि किती मिळाल्या, अशा रुक्ष कागदांतूनच कळतो. याला लागूनच आणखी एक प्रश्न येतो: प्रशिक्षित डॉक्टरने असं पुढे जावं का? तो मेला तर त्यानंतरच्या शेकडो जखमींचं काय? शुद्ध हिशोबाने पाहिलं तर आक्षेप बिनतोड आहे, आणि मदतठाणं सोडू नये हा दंडक त्यातूनच येतो. पण आपला डॉक्टर आपल्याला टाकणार नाही या खात्रीवर पलटण पुढे जाते. त्या खात्रीची किंमत कुठल्याच तक्त्यात मांडता येत नाही. शव्हासने हिशोब चुकवला असं म्हणण्याचं धाडस मला तरी होत नाही.

पदकाची आणखी एक मर्यादा आहे, आणि ती सिंटनच्याच आयुष्यातून दिसते. व्हिक्टोरिया क्रॉस शत्रूच्या उपस्थितीत केलेल्या कृत्यासाठी असतो आणि त्याला प्रत्यक्षदर्शी साक्ष लागते. कार्टर यांचं धैर्य वरिष्ठांच्या उपस्थितीतलं होतं, त्यामुळे त्या पदकाच्या नियमात ते बसतच नव्हतं. सिंटन युद्धानंतर हिवतापाच्या संशोधनाकडे वळला. १९२७ साली कसौलीला मलेरिया सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली तिचा तो पहिला संचालक झाला, क्विनीनच्या उपचारांचा आणि रोग पसरवणाऱ्या कीटकांचा त्याने वर्षानुवर्षं अभ्यास केला, आणि १९४६ साली तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. व्हिक्टोरिया क्रॉस आणि ही फेलोशिप असे दोन्ही मान मिळालेला तो एकमेव माणूस आहे. मेसोपोटेमियात साम्राज्याचे सुमारे ११,००० सैनिक रणांगणावर पडले आणि सुमारे १२,७०० रोगांनी मेले. म्हणजे त्या मोहिमेतला मोठा शत्रू खंदकात बसलेला नव्हताच. तो पाण्यात होता, अन्नात होता, डासांत आणि माश्यांत होता. त्याच्याशी लढणारा डॉक्टर संडास कुठे खणायचे, पाणी कसं शुद्ध करायचं, औषधाच्या गोळ्या घेणं कोणी चुकवलं हे पाहत हिंडतो. तो यशस्वी झाला तर काहीच घडत नाही. जो शिपाई आजारी पडलाच नाही तो साक्ष कशाची देणार? ओराच्या एका दिवसासाठी सिंटन लोकांच्या लक्षात राहिला. कसौलीच्या वर्षांनी किती जीव वाचले असतील हे कोणत्याही प्रशस्तिपत्रात लिहिता येण्यासारखं नाही.

यावर कोणी म्हणेल की अशा कामासाठी वेगळी पदकं आहेतच. आहेत. आपल्याकडे १९६०पासून विशिष्ट सेवेची पदकं दिली जातात आणि १९८०पासून युद्धकाळातल्या अशा सेवेसाठी युद्ध सेवा पदकंही आहेत; लष्करी डॉक्टरांना ती मिळतातही. पण समाजाच्या स्मरणात ती राहत नाहीत. परमवीर चक्र मिळालेल्या २१ जणांची नावं शाळेतली मुलं पाठ करतात, आणि त्या २१ जणांत एकही डॉक्टर नाही. सर्वोच्च सन्मान फक्त लढणाऱ्याचाच असतो असं मात्र नाही. १९४८ साली राजौरीच्या वाटेवर सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना रस्ता मोकळा करणारे कारवारकडचे रामा राघोबा राणे हे बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. वाट करून देणाऱ्याला परमवीर चक्र देता येतं, हे त्यांनी स्वतंत्र भारताच्या अगदी सुरुवातीलाच दाखवून दिलं. कोरियाच्या युद्धाने पुढची पायरी गाठली. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स ही भारतीय तुकडी नोव्हेंबर १९५०मध्ये तिथे पोचली. महिन्याभरात प्याँगयांगहून माघार सुरू झाली, आणि सामान हलवायला वाहनं नाहीत अशी वेळ आली. औषधं आणि शस्त्रक्रियेची साधनं टाकून देऊन नुसती माणसं काढून घेणं सोपं होतं. या लोकांनी एक जुनं वाफेचं इंजिन मिळवलं, ते चालवता येणारी माणसं आपल्यातूनच काढली, सारी सामग्री डब्यांत भरली आणि पूल उडवला जाण्याआधी नदी ओलांडली. मार्च १९५१मध्ये मुनसान-नी इथे अमेरिकी छत्रीधारी फौजेबरोबर रंगराज आणि त्यांचे सहकारी हवाई छत्रीने उतरले, तेव्हा त्यांच्याकडे शस्त्रक्रिया करण्याजोगी सामग्री होती. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. हे पदक ज्याला मिळालं त्याने भगदाड अंगाने तर भरलंच, पण ते मुळात मोठं होऊ नये याची तजवीजही केली.

आणि तरीही, कुठलीच तजवीज पुरी न पडणारे क्षण येतात. २६ फेब्रुवारी २०१० रोजी काबूलमध्ये भारतीय वैद्यकीय पथक राहत असलेल्या ठिकाणी दहशतवाद्यांनी हल्ला केला. आर्मी मेडिकल कोअरचे मेजर लैश्राम ज्योतिन सिंह निःशस्त्र होते. एका आत्मघाती हल्लेखोराला त्यांनी नुसत्या हातांनी मिठीत जखडून धरलं. त्याने स्फोट घडवला, मेजर सिंह गेले, आणि त्यांचे अनेक सहकारी वाचले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. त्यांचं प्रशस्तिपत्र वाचतानाही मी विचारलेला प्रश्न विचारावाच लागतो: वैद्यकीय पथकाच्या निवासाला पहारा कसला होता, धोक्याची सूचना कोणाला होती आणि तिचं पुढे काय झालं. हे प्रश्न विचारल्याने मेजर सिंह यांच्या बलिदानाला तसूभरही उणेपणा येत नाही. त्यांची उत्तरं हे उद्या परक्या मुलखात जाणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला असलेलं देणं आहे, आणि ते त्या पदकाने नव्हे, तर त्याला तिथे पाठवणाऱ्यांनी द्यायचं आहे.